आज येता येणार नाही

सकाळचे सात वाजलेत. थर्मामीटरवर १०२ आहे, डोकं ठणकतंय, अंग मोडून आलंय. अशा अवस्थेतही नोकरदार माणसाला एक काम उरकायचं असतं, ते म्हणजे साहेबांना कळवायचं. 'सर, काल रात्रीपासून ताप आहे, आज येता येणार नाही.' खरं तर एवढ्यावर भागायला हवं. पण अंगठा थांबत नाही. 'उलट्याही होताहेत.' 'डॉक्टरांची अकराची वेळ घेतली आहे.' 'लॅपटॉप जवळच आहे, अर्जंट असेल तर सांगा.' आणि शेवटी 'सॉरी'. काही जण सोबत थर्मामीटरचा फोटो जोडतात. काहींना वाटतं, मेसेज नको, फोनच बरा. मग फोन लावण्याआधी आवाज जरा खोल काढला जातो. गंमत अशी, की खरोखर आजारी असलेला माणूसही साहेबांशी बोलताना थोडं जास्तच खोकतो.

आपल्याला हे शाळेतच शिकवलं गेलं. मराठीच्या पेपरात पत्रलेखनाला हमखास येणारा रजेचा अर्ज आठवा. 'विषय: आजारपणामुळे रजा मिळणेबाबत', मग 'वरील विषयास अनुसरून', मग डॉक्टरांनी विश्रांतीचा सल्ला दिल्याचं सांगणं आणि शेवटी 'ही नम्र विनंती'. खाली पालकांची सही. मोठेपणी पालकांच्या सहीच्या जागी डॉक्टरांचा शिक्का येतो, बाकी मायना तोच राहतो. ताप येऊन गेलेला असतो, त्याला कोणाची मंजुरी लागत नाही, तरी आपण तो मंजुरीसाठी सादर करतो.

सरकारी कचेरी, रेल्वेचं यार्ड, एमआयडीसीतलं कॅन्टीन, सोसायटीतली घरकामाची बाई, उसाचा फड अशा वेगवेगळ्या ठिकाणी हा एकच निरोप कसा दिला जातो याची चौकशी करत गेलं, की एक गोष्ट फार लवकर लक्षात येते. निरोपाची भाषा तापावरून ठरत नाही. नोकरी किती पक्की आहे, यावरून ठरते. ज्याला कळवल्याने काही गमवावं लागत नाही, तो दोन ओळींत कळवतो. ज्याला थोडं गमवावं लागतं, तो दहा ओळी लिहितो. आणि ज्याला फार गमवावं लागतं, तो कळवतच नाही.

मेडिकल टाकली

या उतरंडीत सगळ्यात वर सरकारी नोकर बसतो. 'महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१' हे त्याचं कवच. किरकोळ म्हणजे नैमित्तिक रजा वर्षाला ८ दिवस, अर्जित रजा ३० दिवस, शिवाय अर्धवेतनी रजा २० दिवस. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलं, की अर्धवेतनी रजेची परिवर्तित रजा होते. पगार पूर्ण मिळतो, फक्त खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. दहा दिवसांच्या काविळीला वीस दिवस खर्ची पडतात. कचेरीत किंवा शिक्षकांच्या खोलीत हे सगळं 'मेडिकल टाकली' या दोन शब्दांत मावतं. रेल्वेत माणूस 'सिकमध्ये' जातो, रेल्वेच्या डॉक्टरांकडून 'फिट' होऊन येतो, मगच ड्युटीवर घेतला जातो. इथे कोणी खोकून दाखवत नाही. फॉर्म भरला, पोच घेतली, विषय संपला.

ही व्यवस्था कोरडी आहे आणि तिचं बळ त्या कोरडेपणातच आहे. साहेबाचा स्वभाव कसा आहे, त्याचं आपल्याशी पटतं का, मार्चएन्ड आहे का, यावर आजारपण अवलंबून राहत नाही.

तिची दुसरी बाजूही सगळ्यांना ठाऊक आहे. जिथे कागदाला एवढी किंमत, तिथे कागदाचा बाजार भरतोच. गावची जत्रा, मुलीचं लग्न, नावडत्या ठिकाणची बदली, निवडणुकीची ड्युटी अशा प्रसंगी अचानक पाठदुखी बळावते आणि ओळखीचा डॉक्टर शिक्का मारून देतो. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारविषयक नियम याबाबत अगदी काटेकोर आहेत. डॉक्टरांनी दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंदवही ठेवायची, तीत रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता आणि निदान एक तरी ओळखीची खूण नोंदवायची, प्रमाणपत्राची प्रत जपायची. खोटं प्रमाणपत्र देणं हे गैरवर्तन, त्यासाठी नोंदणीपटावरून नाव कमी होऊ शकतं. 'उजव्या गालावर तीळ' अशी नोंद करून तापाचं प्रमाणपत्र देणारा डॉक्टर तुम्हाला शेवटचा कधी भेटला, हे ज्याचं त्याने आठवावं.

खोट्या कागदांची ही किंमत शेवटी खरे आजारी चुकवतात. दहा जणांनी जत्रेसाठी मेडिकल टाकली, की अकराव्याच्या खऱ्या टायफॉइडकडेही साहेब तिरक्या नजरेने बघतो.

हजेरी भत्त्याचा धाक

खासगी नोकरीत शिरलं की पायाखालची जमीन जरा हलते. २०१७ साली राज्याने दुकानं आणि आस्थापनांसाठी नवा कायदा केला. तो आला तेव्हा दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना लागू होता. त्यात वर्षाला ८ दिवस पगारी नैमित्तिक रजा आहे, वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा आहे, सणावाराच्या ८ पगारी सुट्ट्या आहेत. आजारपणाची वेगळी रजा मात्र या यादीत नाही. कंपनीच्या धोरणात 'सिक लीव्ह' असेल तर ती कंपनीची मेहेरबानी. नसेल तर मुलाच्या ॲडमिशनसाठी, सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी आणि स्वतःच्या डेंग्यूसाठी तेच आठ दिवस पुरवायचे.

१९४८ च्या कारखाना कायद्यात एक समजूतदार कलम होतं. भरपगारी रजा हवी असेल तर कामगाराने किमान पंधरा दिवस आधी लेखी अर्ज करायचा, पण रजा आजारपणासाठी असेल तर ही मुदत पाळली नाही म्हणून ती नाकारायची नाही. ताप पंधरा दिवस आधी सांगून येत नाही, एवढं त्या कायद्याला पंचाहत्तर वर्षांपूर्वी उमगलं होतं. आजही काही कंपन्यांच्या रजेच्या ॲपमध्ये 'सिक लीव्ह' निवडली की पुढचा रकाना विचारतो, 'पूर्वपरवानगी घेतली आहे का?'

कारखान्यात मात्र कामगाराला कायद्यापेक्षा जास्त धाक असतो तो हजेरी भत्त्याचा. महिन्यात एकही खाडा नसेल तर ठरावीक रक्कम, एक दिवस बुडाला तर सगळी रक्कम गेली. कागदावर हे बक्षीस असतं, पण पगारपत्रकात दंडासारखं वागतं. चोवीस तारखेला ताप आला तर कामगाराच्या डोक्यात पहिला विचार पॅरासिटामॉलचा येतो: दोन गोळ्या घेतल्या तर शिफ्ट निघेल का? प्रेस मशीनसमोर गुंगीत उभा असलेला माणूस स्वतःच्या बोटांना आणि शेजाऱ्याच्या जिवालाही धोका असतो. पण मस्टरवर तो 'हजर' असतो आणि सुपरवायझरचा आकडा पूर्ण होतो.

आणि कळवलंच नाही तर? आदर्श स्थायी आदेशांत त्याचं उत्तर आहे. मंजूर रजा संपल्यावर आठ दिवसांत परत येऊन समाधानकारक खुलासा केला नाही, तर कामगाराचा नोकरीवरचा हक्क जातो. दहा दिवसांहून जास्त विनापरवाना गैरहजेरी हे गैरवर्तन ठरतं. गावाकडे जाऊन कावीळ अंगावर काढणाऱ्या कित्येकांच्या नोकऱ्या या आकड्यांवर गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली डी. के. यादव यांच्या खटल्यात या धारेला थोडा बोथटपणा आणला. ते प्रकरण आजारपणाचं नव्हतं. आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिले म्हणून नाव पटावरून उडवलेल्या कामगाराचं म्हणणं होतं, की मला फाटकातून आतच घेतलं गेलं नाही. न्यायालयाने सांगितलं, नियम काहीही असो, माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय त्याची रोजी काढता येणार नाही. निम्म्या थकीत वेतनासह त्यांना कामावर घ्यावं लागलं. पुढे २०१२ मध्ये कृष्णकांत परमार यांच्या खटल्यात न्यायालय आणखी स्पष्ट बोललं. गैरहजेरी म्हणजे दर वेळी कामचुकारपणा नव्हे. आजार, अपघात, रुग्णालयात दाखल होणं अशा कारणांनी माणूस येऊ शकला नसेल, तर ते मुद्दाम केलेलं ठरत नाही.

म्हणूनच कामगार संघटनेतला जुनाजाणता कार्यकर्ता नव्या पोराला एकच सल्ला देतो: तोंडी सांगू नकोस, पुरावा ठेव. व्हॉट्सॲपवरची निळी टिक, स्पीड पोस्टाची पावती, ईमेलची प्रत, काहीही. आजार बरा होतो, पण 'मला कोणी कळवलंच नव्हतं' या वाक्याला त्या पावतीशिवाय औषध नाही.

परळहून निघालेली मागणी

आजारी माणसाला पगार मिळावा, ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आयती आली असं समजण्याचं कारण नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तिथे तयार झालेल्या निवेदनावर ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या सगळ्यांना माहीत आहेत. रविवारची सुट्टी १८९० च्या जूनमध्ये पदरात पडलीही. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: कामावर जबर जखमी झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि तो कायमचा अधू झाला तर त्याच्या चरितार्थाची सोय करावी. रविवार मिळाला, ही दुसरी मागणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या ताटकळली.

दरम्यान गिरणगावाने आजारपणाची स्वतःची व्यवस्था लावली. सकाळी गिरणीच्या फाटकावर बदली कामगारांची रांग लागे. कायम कामगार आला नाही, की त्याच्या साच्यावर बदलीवाला उभा राही. एकाचा ताप दुसऱ्याच्या घरची चूल पेटवी. बदलीवाल्याला रोज उठून कोणाच्या तरी गैरहजेरीची आशा धरावी लागे, आणि आजारी कामगाराला घरात पडल्या पडल्या आपला साचा गेला तर नाही ना, याची धास्ती. कामावर माणसं लावणाऱ्या मधल्या जॉबरचं वजन या दोघांच्या गरजेवर वाढत गेलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा तयार केला. त्यांचा अहवाल १९४४ चा. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. आज एमआयडीसीत कोणीही तिला 'ईएसआय' म्हणूनच ओळखतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता अमलात आल्या, जुने कायदे त्यांत विरघळले, तरी या विम्याचा सांगाडा सामाजिक सुरक्षा संहितेत टिकून आहे.

हिशेब सोपा आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. १८,००० पगार असेल तर कामगाराचे १३५ आणि मालकाचे ५८५ रुपये. बदल्यात घरच्यांसह उपचार मिळतात आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम. क्षय, कुष्ठरोग, कर्करोग, गंभीर मनोविकार अशा ३४ दीर्घ आजारांसाठी ही मदत ८० टक्क्यांवर जाते आणि दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. सगळ्यात मोलाचं म्हणजे आजारपणाचा हा लाभ चालू असताना मालकाला कामगाराला काढता येत नाही की शिक्षा करता येत नाही.

आता हेच दवाखान्याच्या बाकावरून पाहू. ताप आलेल्या कामगाराने आधी ईएसआयच्या दवाखान्यात स्वतः जायचं, रांगेत बसायचं आणि पहिलं प्रमाणपत्र घ्यायचं. आजार लांबला तर मधलं प्रमाणपत्र, बरं वाटलं की शेवटचं, म्हणजेच कामाला लायक असल्याचं. कागद शाखा कार्यालयात पोहोचले की पैसे बँकेत. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत, पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडला असेल तरच ही अट सुटते. आणि हक्क लागू व्हायला आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनच्या आजारपणाला उपयोगी पडते. म्हणजे नव्याने लागलेल्या पोराने पहिले काही महिने आजारीच पडायचं नाही. दर काही महिन्यांनी ठेकेदार बदलणाऱ्या, मध्ये 'ब्रेक' मिळणाऱ्या कंत्राटी कामगाराचे ७८ दिवस भरता भरता राहतात. दोन दिवसांच्या व्हायरल तापाला तर या सगळ्याचा उपयोगच नाही. तो दोन गोळ्यांवर आणि प्रेस मशीनसमोर उभ्यानेच जातो.

शिवाय पगार २१,००० च्या वर गेला की हे छत्र जातं. पगारवाढीची पेढे वाटून साजरी केलेली बातमी कित्येक घरांतून आजारपणाचा विमा घेऊन जाते.

काय झालंय, तेही सांगायचं?

येत नाही एवढं कळवणं वेगळं आणि काय झालंय ते सांगणं वेगळं. आपल्याकडे या दोहोंत अंतरच ठेवलेलं नाही. 'काय झालंय?' हा साहेबाचा पहिला प्रश्न असतो आणि तो बहुतेक वेळा काळजीपोटीच विचारलेला असतो. पण उत्तर देणाऱ्याच्या घशात घास अडकतो. मूळव्याधीचं ऑपरेशन, गर्भपात, नैराश्य, क्षय: यातलं काय ऑफिसच्या ग्रुपवर लिहायचं? मग नैराश्याचं 'पित्त उसळलं' होतं आणि गर्भपाताचं 'फूड पॉइझनिंग'. खरोखर आजारी असलेल्या माणसाला खोटं बोलायला लावणारी ही रीत आहे. खोटं म्हटलं की ते पुढे निभावणं आलं. पित्तवाल्याला तीन आठवडे रजा कशी मिळणार?

कायद्याने दारं उघडी ठेवली आहेत, पण त्यांच्याकडे फारसं कोणी फिरकत नाही. गर्भपात झालेल्या नोकरदार स्त्रीला सामाजिक सुरक्षा संहितेतल्या मातृत्व लाभाच्या तरतुदींनी सहा आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. मानसिक उपचारांच्या माहितीची गुप्तता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाचा हक्क मानली आहे. त्याच वर्षीच्या एचआयव्ही कायद्याने हा संसर्ग असल्याचं उघड करण्याची सक्ती आणि त्यावरून नोकरीत भेदभाव, दोन्हींना मनाई केली. या वाटेवरचा एक टप्पा मुंबईतच गाठला गेला होता. तपासणीत एचआयव्ही आढळला म्हणून सार्वजनिक क्षेत्रातल्या एका कंपनीने हंगामी कामगाराला दूर केलं. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ठरवलं, की माणूस काम करायला समर्थ असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर केवळ या संसर्गापायी त्याची रोजी हिरावता येणार नाही. निकालाच्या कागदांवर त्या कामगाराचं नाव कुठेच नाही. तो 'एमएक्स' आहे आणि कंपनी 'झेडवाय'. आजार सांगूनही माणूस झाकलेला राहू शकतो, याचा हा आपल्या शहरातला दाखला.

पुण्याहून जर्मनीला गेलेल्या मराठी इंजिनिअरांना तिथल्या पहिल्या हिवाळ्यात याच गोष्टीचा अचंबा वाटतो. तिथे सकाळी लगेच कळवायचं, आजारी आहे आणि साधारण किती दिवस, एवढंच. आजार तीन दिवसांपलीकडे गेला तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, मालकाला ते आधीही मागता येतं. पण मालकाच्या हाती जाणाऱ्या माहितीत आजाराचं नाव नसतं. २०२३ पासून तर कागद नेऊन द्यायचीही गरज उरली नाही, मालक ती नोंद विमा संस्थेकडून परस्पर मिळवतो. सहा आठवड्यांपर्यंत पगार पूर्ण. सवयीने 'लॅपटॉप जवळ आहे' असं लिहिणाऱ्या आपल्या माणसाला तिथला मॅनेजर उलट तंबी देतो, की आजारी आहेस तर कामाला हात लावू नकोस.

सांगणं सक्तीचं असतं तेव्हा

आजार लपवणं दर वेळी स्वतःपुरतं राहत नाही. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमावलीत हॉटेल, खानावळ, मिठाईचं दुकान चालवणाऱ्यांसाठी स्पष्ट अट आहे: संसर्गजन्य आजार असलेल्याने अन्नाला हात लावायचा नाही, आणि कर्मचाऱ्याने लक्षणं दिसताच व्यवस्थापनाला कळवावं अशी व्यवस्था मालकाने उभी करायची. आता दिवाळीच्या आठवड्यातलं एखादं मिठाईचं दुकान डोळ्यांसमोर आणा. कारागीर रोजावर आहे, मालाची ऑर्डर डोक्यावर आहे, पोट बिघडलंय. त्याने सांगितलं तर रोज बुडतो आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, ठाऊक नाही. न सांगितलं तर त्याच्या हातची बर्फी शंभर घरांत जाते. नियम त्याला सांगायला लावतो, पण सांगितल्यावर त्याच्या खिशात काय पडेल, याबद्दल मूग गिळून बसतो.

करोनाच्या काळात हे गणित काही महिने उलटं झालं होतं. ताप असेल तर येऊ नका, असे फलक फाटकांवर लागले. खोकत कामावर येणारा निष्ठावान न ठरता बेजबाबदार ठरू लागला. साथ ओसरली, फलक उतरले आणि गोळी घेऊन येणाऱ्याचं कौतुक पुन्हा सुरू झालं.

खाडा

आता उतरंडीच्या तळाशी येऊ. तिथे अर्ज नाही, प्रमाणपत्र नाही, फक्त खाडा आहे.

मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असतं. त्यातल्या चौकोनांत दोन नोंदी हमखास सापडतात: दुधाची जादा पिशवी आणि बाईचा खाडा. फुलीवर फुली जमत जाते आणि एक तारखेला हिशेब होतो. दोन खाडे चालतात, तिसऱ्यापासून कापायचे, असा प्रत्येक घराचा अलिखित कायदा. राज्यात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो कल्याणाच्या योजनांपुरता. आजारपणाच्या पगारी दिवसांचा हक्क त्यातून येत नाही.

बाईला ताप आला तर तिला एका नव्हे, पाच साहेबिणींना कळवायचं असतं. 'ताई, आज नाही जमणार, अंगात कणकण आहे.' पलीकडून उत्तर येतं, 'अगं, आजच पाहुणे यायचेत!' दुसरीकडे, 'भांड्यांपुरती तरी येऊन जा.' तिसरीकडे, 'मागच्या आठवड्यात पण तुझं असंच होतं.' चौथीकडे फोन उचलत नाहीत. फोनही बऱ्याचदा तिचा नसतो, मुलाचा असतो, आणि तो कॉलेजात घेऊन गेलेला असतो. पाचवा फोन लावेपर्यंत ती दोन घरांत 'येते' म्हणून बसलेली असते. पुढच्या वेळी ती शहाणी होते. फोन बंद करून ठेवते. मग सोसायटीच्या बागेत बायका एकमेकींना सांगतात, 'खाडा कर, पण सांगून तर कर!' सांगितल्यावर आपण काय बोलतो, ते मात्र त्या गप्पांत येत नाही.

ऊसतोडीचा हंगाम आला, की बीडच्या गावांतून ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ऊसतोडीचा करार कोयत्यावर होतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादम हंगामाआधी उचल देतो, ती फेडेपर्यंत फड सोडता येत नाही. एकाने दांडी मारली तर जोडीचं काम अडतं आणि खाड्याचा दंड लागतो. हा दंड दिवसाला ५०० रुपयांपर्यंत असल्याचं वारंवार समोर आलं आहे. मजुरी बुडते ती वेगळीच. इथे आजारी असल्याचं मुकादमाला कळवायचं म्हणजे स्वतःच्या कर्जात भर घालायची.

बाईमाणसाला याची काय किंमत मोजावी लागली, ते २०१९ मध्ये उघड झालं. पाळीचा त्रास, पोटदुखी, अंगावरून पाणी जाणं, यांपायी खाडे नकोत म्हणून ऐन तिशीत गर्भाशय काढून टाकलेल्या बायकांच्या बातम्या बीडमधून येऊ लागल्या. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. चुकीचे सल्ले देणारे डॉक्टर, कर्करोगाची दाखवलेली भीती, लहान वयातली लग्नं, फडावर पाण्याची आणि आडोशाची वानवा, अशी कारणं त्यात गुंतलेली आहेत. पण एक कारण थेट आपल्या विषयाचं आहे. दोन दिवस आडवं पडण्याची मुभा असती, तर यातल्या किती जणींनी पोट फाडून घेतलं असतं?

शहरात दुचाकीवरून घरपोच खाणं आणणाऱ्या पोरांचा मुकादम मोबाइलमध्येच राहतो. त्याला ताप कळवण्याची सोयच नाही. लॉगइन केलं तर काम, नाही केलं तर नाही. वरवर हे स्वातंत्र्य वाटतं, कोणाची परवानगी नको. पण आठवड्याच्या इन्सेंटिव्हसाठी ठरावीक ऑर्डर पुऱ्या कराव्या लागतात आणि शनिवार-रविवार बुडाला तर सगळा आठवडा बुडतो. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कामगारांना पहिल्यांदा कायद्यात नाव दिलं, त्यांच्यासाठीच्या योजनांना कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावेत अशी तरतूद केली. पण आजारपणाच्या दिवसाचा रोज त्यांना अजून कोणी देत नाही.

मालक कोण?

या सगळ्या चौकशीतून निघणारं शहाणपण फार मोठं नाही. नोकरदाराने करायचं ते एवढंच: लवकर कळवायचं, लेखी कळवायचं, येत नाही आणि साधारण किती दिवस हे सांगायचं, हातातलं काम कोणाकडे आहे ते लिहायचं आणि थांबायचं. थर्मामीटरचा फोटो नको आणि सॉरीही नको. साहेबाने करायचं तेही एवढंच: 'ठीक आहे, काळजी घ्या' म्हणायचं आणि पुढचा प्रश्न गिळायचा.

पण हे वाचणारे आपण बहुतेक जण एका फोनवर नोकर असतो आणि दुसऱ्या फोनवर मालक. साहेबाने आपला ताप खरा मानावा अशी अपेक्षा ठेवून, तासाभराने आपण बाईच्या तापावर शंका घेतो. कायदा घरापर्यंत पोहोचायला वेळ लागेल. तोवर कायदा करणं आपल्याच हातात आहे, आणि त्याला विधिमंडळ लागत नाही. दिवाळीचा बोनस देताना आणखी एक गोष्ट तोंडाने स्पष्ट सांगता येईल: वर्षाला इतके दिवस आजारपणाचे, पगारी, कारण विचारणार नाही, फक्त सकाळी कळव. आकडा बारा ठेवा, पंधरा ठेवा, पण आधी ठरवा आणि पाळा. पहिल्या दोन-तीन वेळा 'आजच का गं?' हे जिभेवर येईल, ते आवरावं लागेल. त्या महिन्यात खाडे वाढल्यासारखेही वाटतील. पुढच्या वेळी तिला ताप आला की फोन बंद लागणार नाही. सकाळी सातला ती स्वतःच करेल आणि एका वाक्यात सांगून मोकळी होईल.